पाचव्या महिन्यात बाळाच्या फुप्फुसात दोष निघाला, तेव्हापासून आजपर्यंतचा अनुभव (फीटल मेडिसीन सेंटर, छत्रपती संभाजीनगर) – 4 स्टार

हा रिव्ह्यू मी दोन वर्षं उशिरा लिहितेय आणि मुद्दामच उशिरा लिहितेय. बहुतेक लोक पहिली सोनोग्राफी करून घरी जाताना गाडीतच स्टार देऊन मोकळे होतात, स्टाफ चांगला, एसी चांगला, पार्किंगला जागा नाही, झालं. पण जिच्या पोटातल्या लेकरात काहीतरी निघालंय तिला एसीचं काय करायचं? तिला एकच विचारायचं असतं, ज्यांचं असंच निघालं होतं त्यांच्या लेकरांचं पुढं काय झालं. ते सांगायला लेकरू जन्माला यावं लागतं, थोडं मोठं व्हावं लागतं. माझं आता सव्वादोन वर्षांचं आहे म्हणून आता लिहितेय, आणि लांबलचक लिहिणार आहे, ज्याला गरज आहे तो वाचेल.

आम्ही माजलगावकडचे. मी झेडपीच्या शाळेवर शिक्षिका, यांचं कृषी सेवा केंद्र आहे. विसाव्या आठवड्याचा तो मोठा स्कॅन असतो ना, कोणी अनॉमली म्हणतं कोणी टार्गेट म्हणतं, तो आम्ही आधी जवळच एका ठिकाणी केला, नाव घेत नाही. तिथल्या डॉक्टरांनी मशीन एकाच जागी दहा मिनिटं फिरवलं, काही बोलेनात, मला बाहेर बसवलं आणि यांना एकट्याला आत बोलावलं. पोट माझं, लेकरू माझ्या पोटात, आणि मी बाहेर बाकड्यावर. हे बाहेर आले तर चेहरा पांढरा पडलेला. डाव्या फुप्फुसात गाठी आहेत, हृदय उजवीकडं सरकलंय, वीस आठवडे होत आलेत, काय ठरवायचं ते दोन दिवसांत ठरवा, एवढंच सांगितलं होतं. पुढं काय होतं, वाढतं का कमी होतं, लेकरू जगतं का, ऑपरेशन असतं का, एक अक्षर नाही. रिपोर्टचं पाकीट हातात दिलं आणि पुढचा नंबर पुकारला.

आमच्या बीड जिल्ह्यात पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करून आलेली बाई पिशवी खाली करायला गेली तर लोक काय अर्थ काढतात हे इकडच्या बायांना सांगायची गरज नाही. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या आमच्याकडं, ते कशामुळं हे सगळ्यांना माहिती आहे. म्हणजे एकीकडं लेकराची काळजी, आणि दुसरीकडं रात्रभर हाच विचार की उद्या खरंच काही करावं लागलं तर गाव काय म्हणेल. दोन रात्री मी झोपले नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या बाळंतपणाच्या मॅडमकडं गेलो. त्यांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि म्हणाल्या, हे मी ठरवणार नाही आणि तुम्हीही ठरवू नका, आधी फीटल मेडिसीनवाल्यांना दाखवा, आणि या सेंटरची चिठ्ठी लिहून दिली. फीटल मेडिसीन म्हणजे पोटातल्या बाळाचेच डॉक्टर, असं काही असतं हे मला तोपर्यंत माहितीच नव्हतं.

पहाटे साडेचारला निघालो, गढी, गेवराई, शहागडचा गोदावरीचा पूल, पाचोड. आठच्या आत पोचलो तरी अकरावा नंबर. ओळखपत्र, सोनोग्राफीचा सरकारी एफ फॉर्म, त्यावर सही, भिंतीवर तो गर्भलिंग निदान होत नाही वाला बोर्ड, सगळं रीतसर. आणि मग सव्वातीन तास बसलो. हे वेटिंग आजही तसंच आहे आणि त्याचा अर्धा स्टार मी कापलाय. पाच-सहा महिन्यांच्या बायांना प्लास्टिकच्या कडक खुर्च्यांवर तीन तास बसवायचं हे बरोबर नाही, अपॉइंटमेंट देता तर ती पाळायला पाहिजे.

पण एकदा आत गेल्यावर मात्र पाऊण तास कोणी घाई केली नाही. दोघांनाही आत घेतलं, भिंतीवरचा मोठा स्क्रीन माझ्याकडं वळवला. इथल्या मॅडमनी आधी पूर्ण बाळ बघितलं, डोकं, पाठीचा कणा, किडनी, हात, पाय, आणि प्रत्येक वेळी तोंडानं म्हणत गेल्या, हे चांगलं आहे, हे पण चांगलं आहे. मग छातीवर आल्या. मला म्हणाल्या, ताई, गाठ हा शब्द आधी डोक्यातून काढा, आपल्याकडं गाठ म्हणलं की माणूस कॅन्सर समजतो. फुप्फुस म्हणजे स्पंज समजा, त्याची लहान लहान छिद्रं असतात, तुमच्या बाळाच्या डाव्या खालच्या भागात ती छिद्रं बनताना चुकलीत, त्यांचे फुगे झालेत. त्याला सीपॅम म्हणतात.

मग मी विचारलं की मग ते श्वास कसा घेतंय आत्ता, त्याला त्रास होत असेल का. हा प्रश्न माझ्या मनात तीन दिवस नुसता जळत होता. त्या म्हणाल्या, पोटात बाळ फुप्फुसानं श्वास घेतच नाही, ऑक्सिजन सगळा वारेतून नाळेवाटे येतो, त्यामुळं त्याला आत्ता काहीच कळत नाहीये, ते मजेत आहे, बघा पाय कसे हलवतंय. तेवढ्या एका वाक्यावर मी तिथं टेबलावर पडल्या पडल्या रडले. ज्या ज्या बाईला हे निघतं तिला हे पहिल्या मिनिटाला सांगायला पाहिजे असं मला अजूनही वाटतं.

मग धोका कशाचा? तर ते फुगे मोठे झाले आणि हृदयाला, मोठ्या शिरांना दाबायला लागले तर बाळाच्या पोटात, छातीत, कातडीखाली पाणी साठतं, त्याला हायड्रॉप्स म्हणतात, ते खरं वाईट. अन्ननलिका दबली तर बाळाला पाणी गिळता येत नाही आणि आईच्या पिशवीतलं पाणी वाढतं. म्हणजे दोष आहे का नाही यापेक्षा तो किती मोठा आहे आणि हायड्रॉप्स होतोय का, यावर सगळं अवलंबून. हायड्रॉप्स नसेल तर अशी शंभरातली पंचाण्णवपेक्षा जास्त बाळं जगतात, आणि बहुतेक जन्मताना अगदी नॉर्मल रडतात. हायड्रॉप्स झाला आणि काहीच केलं नाही तर बहुतेक बाळं वाचत नाहीत. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या, चांगली मोठ्यानं आणि वाईट हळू असं केलं नाही, मला ते फार आवडलं.

आणि मग तो आकडा, सीव्हीआर. मी शिक्षिका असल्यामुळं मला तो लगेच डोक्यात बसला. त्या खराब भागाची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्यायची, तिघांचा गुणाकार करून त्याला 0.52 नं गुणायचं आणि बाळाच्या डोक्याच्या घेरानं भागायचं. आमचं पहिल्या दिवशी 3.9, 3.0 आणि 2.8 होतं आणि डोक्याचा घेर 18.9, म्हणजे 0.9 आला. 1.6 च्या वर गेला तर हायड्रॉप्सची भीती जास्त. मी बाहेर आल्यावर मोबाईलवर परत करून बघितला, बरोबर होता. तुम्हाला हसू येईल पण त्या आकड्यानं मला धरून ठेवलं, आधी नुसता अंधार होता आणि आता हातात मोजायला काहीतरी होतं.

त्यांनी अजून एक गोष्ट बघितली, रक्ताचा प्रवाह दाखवणारा रंगाचा डॉपलर लावून. फुप्फुसाचा असा एक दोष असतो ज्यात तो तुकडा श्वासनळीला जोडलेलाच नसतो आणि त्याला रक्त थेट महाधमनीतून वेगळ्या नळीनं येतं, त्याला सिक्वेस्ट्रेशन म्हणतात, आणि कधी कधी दोन्ही एकत्र असतात. आमच्यात वेगळी रक्तवाहिनी दिसली नाही. हे बघणं महत्त्वाचं कारण पुढं ऑपरेशन करायची वेळ आली तर सर्जनला ती वाहिनी आधीच माहिती पाहिजे. आधीच्या ठिकाणच्या रिपोर्टमध्ये याच्याबद्दल काहीच नव्हतं.

दोन दिवसांत ठरवा वाल्याबद्दल पण विचारलं मी. त्या म्हणाल्या, 2021 मध्ये कायदा बदललाय, बाळात गंभीर दोष असेल तर दोन डॉक्टरांच्या मतानं 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताची परवानगी मिळू शकते आणि त्याच्यापुढं फार गंभीर असेल तर मेडिकल बोर्ड ठरवतं, म्हणजे दोन दिवसांत डोक्यावर बंदूक धरायचं काही कारण नाही. पण तुमच्या बाळाचं जे मला आज दिसतंय त्यात मी तुम्हाला तो सल्ला देणार नाही. निर्णय तुमचाच, असंही म्हणाल्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि पुढच्या तारखा लिहून घेतल्या.

घरी वेगळंच चालू होतं. सासूबाईंचं म्हणणं, ग्रहणाच्या दिवशी मी भाजी चिरली होती. त्या वाईट नाहीत, त्या घाबरल्या होत्या आणि घाबरलेलं माणूस कारण शोधतं. पुढच्या वेळी त्यांना सोबत नेलं आणि मॅडमना आधी हळूच सांगितलं. मॅडमनी त्यांना आत बोलावून शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, आजी, हे फुप्फुस बनायच्या सुरुवातीलाच होतं, ते सुनेच्या खाण्यानं, कामानं, ग्रहणानं, कशानंच होत नाही, कोणाच्याही बाळात होऊ शकतं, आणि पुढच्या बाळात परत होईल असंही सहसा नसतं. सासूबाई परत येताना पाचोडला चहाला थांबलो तेव्हा मला म्हणल्या, माझं चुकलं माय. त्या दिवसापासून घरात तो विषय निघाला नाही. फीमध्ये हे कुठं लिहिलेलं नसतं पण माझ्यासाठी हे स्कॅनइतकंच मोठं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की पंचवीस, सव्वीस, सत्तावीस आठवड्यांपर्यंत हे वाढतं, आकडा वर जाईल, तेव्हा घाबरायचं नाही, पण चुकवायचंही नाही, याच काळात दर आठ-पंधरा दिवसाला बघावं लागतं. आणि तसंच झालं, पंचविसाव्या आठवड्याला 1.2 आला. मला आधीच माहिती होतं म्हणून मी उभी राहू शकले, नाहीतर त्या दिवशी कोसळलेच असते. मग दर आठवड्याला माजलगाव ते संभाजीनगर, जाऊन येऊन अख्खा दिवस, यांचं दुकान बंद, माझ्या रजा संपत आलेल्या, हेडसरांनी समजून घेतलं म्हणून निभावलं. सव्वीसला तेवढाच. अठ्ठावीसला खाली. तिसाव्या आठवड्याला 0.7. कुठंही पाणी साठलेलं नाही, हृदय थोडं मधे यायला लागलेलं.

याच वेटिंगमध्ये नांदेडची एक ताई भेटायची, तिचं उजव्या बाजूचं होतं आणि तिचा आकडा 1.6 च्या पुढं गेला, बाळाच्या पोटात पाणी दिसायला लागलं. तिच्या दंडात स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं दिली चोवीस तासांच्या अंतरानं, बीटामेथासोन, तेच जे कमी दिवसांच्या बाळाची फुप्फुसं पक्की व्हायला देतात. बारीक बारीक फुग्यांच्या प्रकारात त्याचा उपयोग होतो असं तिला सांगितलं होतं, आणि एकच मोठा पाण्याचा फुगा असेल तर सुईनं पाणी काढतात किंवा बारीक नळी बसवतात. तिचं पाणी पंधरा दिवसांत ओसरलं, लेकरू जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी ऑपरेशन करावं लागलं, आज ते माझ्या मुलीपेक्षा दोन महिन्यांनी मोठं आहे आणि आम्ही फोनवर बोलतो. दुसऱ्या एका ओळखीच्या झालेल्या बाईचं बाळ मात्र राहिलं नाही, सातव्या महिन्यात गेलं. तिचं मी इथं जास्त काही लिहिणार नाही. पण सगळ्यांचं गोडच झालं असं लिहिलं तर तिचं लेकरू नव्हतंच असं होईल.

आणि एक जण होती ती ऊसतोडीवरून आलेली. दिवाळीला कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेलेली, मार्चमध्ये परतली तेव्हा सातवा संपत आलेला आणि आयुष्यातली पहिली सोनोग्राफी. म्हणजे जो काळ दर आठवड्याला बघायचा असतो तो अख्खा फडात गेला. तिचं नशीब, आकडा लहान होता आणि पाणी कुठं साठलं नव्हतं. तिला खर्च झेपणारा नव्हता तर मॅडमनी तिचे पैसे घेतले नाहीत आणि घाटीतल्या, म्हणजे इथल्या सरकारी हॉस्पिटलातल्या, डॉक्टरांच्या नावानं सविस्तर चिठ्ठी दिली बाळंतपण तिथं व्हावं म्हणून. आपल्या भागातल्या किती बाया या वेळेला गावातच नसतात. टोळी निघायच्या आधी किंवा कारखान्याच्या गावात का होईना, अठरा ते बावीस आठवड्यांमध्ये एक चांगला स्कॅन झाला पाहिजे, हे मुकादमांना आणि आशाताईंना कोणीतरी ठासून सांगायला पाहिजे. मी माझ्या शाळेच्या पालक सभेत सांगते.

पस्तिसाव्या आठवड्याला काय झालं ते नीट वाचा, कारण इथंच लोक चुकतात. स्क्रीनवर ते दिसेनाच. मॅडमनी बराच वेळ शोधलं, डावी बाजू उजवीसारखीच दिसत होती. हे तर एवढे खूश झाले की खाली जाऊन पेढे घेऊन आले, माझ्या आईला फोन, गेलं म्हणून. मॅडमनी पेढा घेतला, पण आम्हाला परत बसवलं आणि म्हणाल्या, दिसत नाही म्हणजे गेलं असं नाही. शेवटच्या महिन्यांत तो भाग आजूबाजूच्या चांगल्या फुप्फुसासारखाच दिसायला लागतो आणि बाळ वाढल्यामुळं तो त्यामानानं लहान पडतो, म्हणून सोनोग्राफीत हरवतो, पण जन्मानंतर सीटी केला की बहुतेक वेळा तो असतोच. मग एका कागदावर लाल पेननं मराठीत लिहून दिलं: "जन्मानंतर 3 ते 6 महिन्यांत छातीचा कॉन्ट्रास्ट सीटी करणे. एक्स-रे नॉर्मल आला, बाळ छान असलं, तरीही करणे." खाली सही. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय. या सेंटरला मी जे चार स्टार देतेय त्यातले दोन तर त्या एका कागदाचे आहेत.

बाळंतपण माझ्या माहेरी मानवतला व्हायचं ठरलेलं, पहिलंच होतं, आईनं सगळी तयारी केलेली, बाज विणून घेतली होती. पण सांगितलं की जिथं लहान बाळांचं आयसीयू आहे तिथंच व्हायला पाहिजे, बहुतेक बाळांना काही लागत नाही पण एखाद्याला जन्मल्या जन्मल्या श्वासाचा त्रास होतो आणि तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्समध्ये दोन-तीन तास घालवायचे नसतात. आईला वाईट वाटलं. मग आईच उठून आमच्याकडं आली, संभाजीनगरला गारखेड्यात एक खोली भाड्यानं घेतली महिनाभरासाठी, तिथंच डिंकाचे लाडू, तिथंच शेक-शेगडी. सिझर करावं लागेल असं नातेवाईक सांगत होते, पण या दोषासाठी म्हणून सिझर लागत नाही, नॉर्मलच झालं, एकोणचाळिसाव्या आठवड्यात, मुलगी, दोन किलो आठशे ग्रॅम. रडली. एवढी जोरात रडली की मी पहिला श्वास त्या दिवशी घेतला असं मला वाटलं.

एक दिवस काचेत ठेवून श्वास मोजला, एक्स-रे काढला, एक्स-रे एकदम स्वच्छ. गावी आल्यावर ओळखीचे एक डॉक्टर म्हणाले कशाला एवढ्याशा लेकराला सीटीची किरणं, एक्स-रे नॉर्मल आहे, दूध पितंय, वजन वाढतंय, विसरून जा. मला पण विसरायचंच होतं खरं तर. पण लाल पेनचा कागद होता. चौथ्या महिन्यात सीटी केला. डाव्या खालच्या भागात होतंच, बारीक बारीक फुगे, जसं विसाव्या आठवड्याला सांगितलं होतं तिथंच. पेढ्यांचा दिवस आठवला. पाच महिन्यांपूर्वी गेलं म्हणून नाचलेलो आम्ही दोघं सीटीच्या बाहेर गप्प उभे होतो.

पुढं लहान मुलांच्या सर्जनकडं पाठवलं, ते वेगळ्या हॉस्पिटलमध्ये बसतात. त्यांनी तासभर दिला. लेकरू ठणठणीत असताना ऑपरेशन करायचं का, यावर मोठ्या मोठ्या डॉक्टरांमध्येही दोन मतं आहेत, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. करायचं म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं की त्या भागात पुढं जंतुसंसर्ग होऊ शकतो, एकदा पू झाला की ऑपरेशन अवघड होतं, क्वचित फुगा फुटून छातीत हवा साठू शकते, आणि अगदी क्वचित असाच दिसणारा एक ट्यूमर लहान मुलांत असतो तो सीटीवर वेगळा ओळखता येईलच असं नाही. शिवाय पहिल्या दोन-तीन वर्षांत फुप्फुसाची नवीन छिद्रं भराभर बनत असतात, त्यामुळं लहानपणी एक भाग काढला तरी उरलेलं फुप्फुस वाढून जागा भरून काढतं. थांबायचं म्हणणाऱ्यांचं म्हणणं, बरीच लेकरं वर्षानुवर्षं काहीच त्रास न होता राहतात, मग भूल आणि ऑपरेशनची जोखीम निरोगी लेकराला कशाला, लक्ष ठेवू, त्रास झाला तर करू. आमच्या घराण्यात कोणाला लहानपणी फुप्फुसाचा, किडनीचा, थायरॉइडचा ट्यूमर झालाय का हे पण खोदून खोदून विचारलं, कारण तो क्वचितचा ट्यूमर काही घरांत जनुकातून येतो.

आम्ही पंधरा दिवस विचार केला. आम्ही राहतो तालुक्याच्या ठिकाणी, कारखान्याची राख, चुलीचा धूर, मध्यरात्री लेकराला न्यूमोनिया झाला तर मोठं हॉस्पिटल तीन तासांवर. शहरात राहणाऱ्यानं थांबायचं ठरवलं तर ते चूक नाही, आमच्यासाठी ऑपरेशन बरोबर होतं. आठव्या महिन्यात केलं, दुर्बिणीतून, डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग पूर्ण काढला. साडेतीन तास. तेवढ्या वेळात सासूबाईंनी किती वेळा योगेश्वरीचं नाव घेतलं ते मोजलं नाही, अंबाजोगाईला ओटी भरायचा नवस बोलल्या होत्या, तो फेडला.

बाहेर आणली तर छातीत नळी आणि नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत. ती रडली की बाटलीत बुडबुडे यायचे. सिस्टर म्हणाल्या बुडबुडे थांबले म्हणजे आतून हवा गळायची थांबली, मग नळी निघेल. दोन दिवस आणि दोन रात्री मी त्या बाटलीकडं बघत बसले होते, ती खोकली की दोन बुडबुडे, झोपली की काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रडली तरी बाटली शांत. मी सिस्टरना हाका मारत कॉरिडॉरमध्ये पळाले. सहाव्या दिवशी घरी. काढलेला भाग तपासायला गेला होता, दहा दिवसांनी रिपोर्ट आला, सीपॅमच, टाईप 2 म्हणजे बारीक फुग्यांचा, ट्यूमर नाही, कडेला चांगलं फुप्फुस.

आता ती शाळेच्या ग्राउंडवर चौथीच्या पोरांच्या मागं पळते. सर्दी होते, सगळ्या लेकरांना होते तशी, पण छातीत उतरलेली नाही आतापर्यंत. न्यूमोनियाची पीसीव्ही लस सरकारी लसीकरणात मोफत असते ती वेळेवर दिली, फ्लूची पैसे देऊन दिली. डाव्या बगलेखाली तीन छोटे व्रण आहेत, आंघोळीला बोट ठेवून ती म्हणते, बाऊ गेला.

पैशाचं सांगते, कारण सगळे तेच विचारतात. पहिल्या मोठ्या स्कॅनला साडेतीन हजार, नंतरच्या प्रत्येक वेळी दीड हजार, अशा दहा-अकरा वेळा गेलो, वर गाडीचं डिझेल. ऑपरेशन आम्ही बचतीतून आणि माझ्या पतसंस्थेच्या कर्जातून केलं. ज्यांना झेपत नाही त्यांनी भरती व्हायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले योजनेत बसतंय का ते विचारून घ्या, भरती झाल्यावर विचारलं की धावपळ फार होते. रेशन कार्ड, आधार, आणि बाळाच्या जन्माचा दाखला लवकर काढून ठेवा.

तक्रारी: वेटिंगचं वर लिहिलंच. दुसरी म्हणजे रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत. मला थोडंफार कळतं, पण त्या ऊसतोडीवाल्या ताईच्या हातात तेच इंग्रजीचं चार पानी बाड दिलं होतं, तिनं ते मला वाचायला दिलं आणि मला पण सगळं सांगता आलं नाही. मॅडम तोंडी इतकं छान सांगतात, मग शेवटी दहा ओळी मराठीत छापायला काय हरकत आहे, काय निघालं, आकडा किती, पुढची तारीख, जन्मल्यावर काय करायचं. माझ्यासाठी लाल पेननं लिहिलं तसं सगळ्यांना का नाही. तिसरी, रविवारी फोन कोणी उचलत नाही, आणि पोटातल्या बाळाला रविवार नसतो. सर्जनकडं जाताना फाईल आणि सीडी आपणच न्यायची आहे हे पण आधी सांगितलं नव्हतं, आमची एक चक्कर वाया गेली.

जाणाऱ्यांनी जुने सगळे रिपोर्ट आणि फोटो न्या, प्रश्न वहीत लिहून न्या कारण आत गेल्यावर आठवत नाहीत, घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त घाबरलंय किंवा सगळ्यात जास्त बोलतंय त्याला एकदा सोबत न्या, आणि डबा न्या, जवळपास खायला नीट काही मिळत नाही.

दिवाळीनंतर तिचा पुढचा एक्स-रे आहे. सर्जनकडून निघाल्यावर मॅडमना पण भेटणार आहे, मुलीला दाखवायला, आणि मराठी कागदाचं परत बोलणार आहे. त्यांनी तो सुरू केला तर पाचवा स्टार मी त्याच दिवशी टाकीन.